चाळीस घोडे बांधणार कुठे?

बस तिथे. चहा नंतर. इसार देऊन मोकळा झालास आणि आता मला विचारायला आलायस, "सर, घेऊ ना?" ही कुठली रीत? विचारायचं आधी असतं, पैसे मागाहून निघतात. माझ्या वर्गात इंजिन खोलून जोडलं की तुझा एक नट उरत नसे, म्हणून तुझं कौतुक करायचो. ते कौतुक मी आज परत घेतो.

तुला तीन गोष्टी विचारल्या. होडीची पाण्याला टेकलेली लांबी किती? भरल्या होडीचं वजन किती? मागच्या फळीची उंची किती? तिन्हींना तू मान खाली घातलीस. मग तुला माहीत तरी काय होतं? इंजिन चाळीसचं आहे, जपानी आहे, रंग अजून चकाकतोय आणि मावसभावाच्या होडीला तसलंच आहे, ती वाऱ्यासारखी जाते. एवढ्यावर माणूस लग्नाचा बँडसुद्धा ठरवत नाही.

मावसभावाची होडी नीट पाहिली आहेस कधी? तळ सपाट, मागची बाजू रुंद, कडा धारदार. वेग घेतला की ती पाण्यावर चढते आणि वरून घसरत जाते. तुझी होडी जुन्या लाकडी होडीवरून साचा काढून फायबरमध्ये ओतलेली. पोट गोल, नाळ निमुळती, मागची बाजूही आवळलेली. ती पाणी बाजूला सारत चालते. अशी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते, तिला ती लाट ओलांडून वर चढता येत नाही. हिशेब वर्गात फळ्यावर लिहून दिला होता. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढ, १.३४ ने गुण, वेग नॉटमध्ये मिळतो. तुझी होडी सोळा फुटी, पाण्यात धर पंधरा. वर्गमूळ ३.८७, म्हणजे वेग सव्वापाच नॉटच्या आतबाहेर, ताशी साडेनऊ-दहा किलोमीटर. चाळीसचं इंजिन लावून पिळलंस तर नाळ आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात आणि वेग फार तर एक-दोन नॉट जास्त. बाकीची सगळी ताकद लाटा उठवण्यात जाईल. किनाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवतील, पेट्रोलचे पैसे तू देशील.

आता वजन मांड. अंदाज चालेल, पण मांड. रिकामी होडी अडीचशे किलो. तुम्ही तिघं दोनशे. जाळी, बर्फ, नांगर, मिळाली तर मासळी, दीडशे. इंजिन आणि पेट्रोलचा डबा मिळून शंभराच्या आसपास. झाले सातशे. पाण्यावर चढणाऱ्या सपाट तळाच्या होडीला दर हॉर्सपॉवरमागे साधारण पंधरा ते वीस किलो धरतात. म्हणजे हेच सातशे किलो मावसभावाच्या होडीत असते तर चाळीसचं इंजिन बरोबर ठरलं असतं. त्याचं चुकलं नाही, चुकलं तुझं. त्याच्या होडीचं उत्तर तू आपल्या होडीखाली उतरवून काढलंस. पाणी सारत चालणाऱ्या होडीला शांत पाण्यात टनाला चार-पाच हॉर्सपॉवर पुरतात. तुला तीन-साडेतीन.

थांब, लगेच चारचं स्वस्त इंजिन शोधायला पळू नकोस! तुझी ही खोड मला ठाऊक आहे, एका टोकावरून उडी मारलीस की थेट दुसऱ्या टोकावर. तुझी होडी तळ्यात फिरत नाही. देवबागला कर्लीच्या मुखातून बाहेर पडतोस, भोगव्याच्या बाजूला वाळूचा बांध आहे, आणि सुकतीचं पाणी बाहेर ओढत असताना समोरून लाट आली की तिथे काय होतं ते मी तुला सांगायची गरज नाही. ओढ तीन नॉटची असेल आणि होडी पाच नॉटने चालत असेल तर आत यायला हातात उरतात दोन. त्यात समोरचा वारा. त्या वेळी चारचं इंजिन नुसतं ओरडत राहतं. म्हणून शांत पाण्याच्या हिशेबाच्या अडीच-तीनपट ताकद हाताशी ठेवायची. तुझ्या होडीला आठ ते दहा. बाजारात याला ९.९ म्हणतात. त्याला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा लाव. तुला वेग नकोच आहे, रेटा हवा आहे.

पेट्रोलचं तर बोलूच नये. जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक चाळीस पूर्ण वेगात ताशी पंधरा-सोळा लिटर सहज पितं, ९.९ चारेक लिटरवर भागवतं. लिटर शंभराच्या वर गेलंय. "मी हळू चालवीन" म्हणतोस? टू-स्ट्रोकला कायम हळू चालवलंस तर प्लगवर काजळी धरते आणि नेमकं बांधावर इंजिन बंद पडतं.

आता त्या मागच्या फळीकडे ये. चाळीसचं टू-स्ट्रोक सत्तर किलोच्या वर भरतं, फोर-स्ट्रोक असेल तर शंभराला टेकतं. ९.९ चाळिशीच्या आसपास. आवळलेल्या मागच्या बाजूवर सत्तर किलो टांगलेस की पाण्यापासून फळीच्या काठापर्यंत वीतभर अंतर उरेल, आणि मागून आलेली पहिली जाड लाट थेट आत. शिवाय फायबरच्या आत प्लायवूड आहे. बोल्टाच्या भोकांतून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं, वरून चकचकीत दिसतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघ. टणक आवाज यायला हवा, भद्द आला तर इंजिनाचं नाव काढू नकोस, आधी फळी बदल. खात्री करायची तर आताचं इंजिन खाली सोडून त्याचा पाय धरून हलव आणि फळी वाकते का ते बघ.

शाफ्टचं तर तू विचारलंही नाहीस. आखूड पंधरा इंची, लांब वीस इंची. कंस जिथे बसतो तिथून होडीच्या तळापर्यंत सरळ खाली मोजायचं. तुझी फळी पंधराची असणार, आणि तो विकणारा लांब शाफ्टचं गळ्यात मारतोय. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी. तुझी पाच-सहा इंच खाली जाईल, पाणी फाडत ओढ वाढवेल आणि खाडीत वाळूला घासेल. उलट उंच फळीवर आखूड शाफ्ट लावणारेही आहेत. त्यांचा पंखा लाटेवर हवा पितो आणि इंजिन बोंबलतं.

इसार बुडेल म्हणून रडू नकोस. बुडू दे. शिकवणीची फी समज.

जुनं इंजिन बघायला जाशील तेव्हा आधी हूडला हात लाव. गरम असेल तर तू यायच्या आधीच त्याने चालू करून ठेवलंय, निवेपर्यंत बसून राहा. थंड इंजिन किती वेळा दोरी ओढल्यावर धरतं ते मोज. कॉम्प्रेशन गेज लाव. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर उठ आणि घरी ये. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल कर, तेल दुधासारखं आलं तर सील गेलंय आणि आत खारं पाणी शिरलंय. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात पडायला हवी. मुळुमुळु पडत असेल तर कधी इंपेलर असतो, तो स्वस्तात बदलतो. कधी आतल्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात, त्या स्वस्तात सुटत नाहीत. पायाखालच्या पात्यावर वेल्डिंग दिसलं, नवा रंग नेमका बोल्टांच्या मुळाशी थापलेला दिसला, तर कारण विचार. पिंपात बुडवून चालू केलेल्या इंजिनावर विश्वास ठेवायचा नाही, पिंपात म्हातारंसुद्धा तरुण असतं. होडीवर लाव, माणसं बसव, पूर्ण थ्रॉटल दे आणि फेरे मोज. फोर-स्ट्रोक साधारण पाच ते सहा हजारांत यायला हवं. कमी आले तर पिच कमी करून बघ, इंचामागे दीडशे-दोनशे फेरे वाढतात. तेवढ्याने भागलं नाही तर दोष इंजिनात आहे.

आणि स्टिकर वाचू नकोस. ९.९ आणि १५ चा ब्लॉक कितीतरी मॉडेलांत एकच असतो, वरचा आकडा बदलायला ब्लेड आणि पाच मिनिटं लागतात. कंसावरच्या पट्टीवरचं मॉडेल आणि नंबर वाच, कागदाशी ताडून बघ. पट्टी खरवडलेली असेल तर ते इंजिन चोरीचं समजून लांब राहा, तो कितीही स्वस्तात देऊ दे. सुट्या भागांचीही चौकशी कर. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. नाव मोठं आहे म्हणून घेशील आणि गॅस्केटसाठी वणवण करशील. पसंत पडलं तर पावतीवर नंबर लिहून घे आणि होडीच्या नोंदणीत इंजिन बदलून घे.

जा, आधी फळी मोजून ये, टेप त्या खिळ्याला लटकलाय. कॉम्प्रेशन गेज मात्र देणार नाही, गेल्या खेपेला नेलेला प्लगचा पाना अजून परत आलेला नाही. गेज घेऊन मी स्वतः येईन.