साक्षी आणि स्वामी

श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ साली अमळनेरास जे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्यात अद्वैत वेदान्ताच्या चिंतनाला अग्रस्थान होते. आणि त्या दर्शनातले एक जुने उदाहरण असे की, पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दृष्टीस पडला असता ‘तोच हा’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा मागचा गाव आणि आजचा गाव, मागचा काळ आणि आजचा काळ, या उपाधी बाजूला सारून आपण देवदत्त तेवढा ग्रहण केलेला असतो. आचार्यांनी हे उदाहरण जीव-ब्रह्मैक्याच्या बोधासाठी योजिले. परंतु ज्याचे निम्मे आयुष्य आता इंटरनेटवर जाते, त्या मनुष्यापुढे तोच प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर उभा राहिला आहे. एका संस्थळावर जो मी, तोच दुसऱ्या संस्थळावरही मी, हे कोणी आणि कोणत्या अधिकाराने सांगावे?

आत्मा स्वयंप्रकाश आहे, मी आहे हे मला कळण्यास कोणाच्या दाखल्याची गरज नाही, हे खरेच. पण दुसऱ्याला ते कळावयाचे तर मध्यस्थ लागतो. वेदान्तानेच अशा मध्यस्थाचा आदर्शही सांगून ठेवला आहे, तो साक्षीच्या कल्पनेत. साक्षी पाहतो, पाहिलेल्यावर हक्क सांगत नाही. ओळख पटविणारा हा असा साक्षी असावा, त्याने स्वामी होऊ नये, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

खानदेशाला हा प्रश्न परका नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावी (जिल्हा नंदुरबार, म्हणजे १९९८ पर्यंतचा धुळे जिल्हाच) पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला नाही, सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही, आणि आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी ज्यांना कचेरीच्या ओट्यावर दिवस काढावे लागत, त्यांच्या हाती बारा अंकांची ही सनद आली, याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु स्वस्त धान्य दुकानातले एक दृश्य पाहावे. वर्षानुवर्षे कपाशी वेचून जिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत अशी बाई यंत्राच्या काचेवर अंगठा टेकते. यंत्र नकार देते. ती अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकते, मग दुसरे बोट लावून पाहते. दुकानदार तिला नावाने हाक मारीत असतो, रांगेतली शेजारीण ‘हाई आमना गावनी शे’ म्हणून ग्वाही देत असते. म्हणजे ‘तीच ही’ हे प्रत्यभिज्ञान तिथे उभ्या असलेल्या सर्वांना झालेले असते. होत नाही ते ज्याच्या होकारावर गहू मिळावयाचा त्या दूरच्या एका दफ्तराला. पर्यायी तरतुदी नियमांत आहेत, हे मान्य. पण ग्वाही देण्याचा अधिकार एकाच ठिकाणी एकवटला की जवळच्या माणसांचे ज्ञान प्रमाण म्हणून उरत नाही.

तरी शासनाला न्यायासनापुढे उभे करता येते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधारची योजना कायम ठेवूनही खाजगी कंपन्यांना त्या क्रमांकाचा वापर करू देणारी तरतूद रद्द केली. समाजमाध्यमांच्या कंपन्यांचे तसे नाही. जळगाव-धुळ्याकडची जी मंडळी आज अहिराणी गीते गाऊन असंख्य श्रोते मिळवितात, त्यांचे नाव, त्यांचा संग्रह आणि त्यांचे श्रोते हे सारे कंपनीच्या वहीत नोंदलेले असते. उद्या खाते बंद झाले तर गाणारा तोच असूनही ‘तोच हा’ असे श्रोत्यांना कळविण्याची वाट त्याच्याजवळ राहत नाही. मराठेशाहीत गावोगाव मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, उपऱ्याची वहिवाट कराराच्या मुदतीपुरती. आपल्याच नावाच्या बाबतीत आपण सर्व आज उपरी झालो आहोत, आणि ही गोष्ट मला अत्यंत अनुचित वाटते.

याची जाणीव ज्यांना वेळीच झाली, त्यांनी खुली मानके रचण्याचे काम हाती घेतले. २००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने ओपनआयडी सिद्ध केले. त्यातला विचार सरळ होता: मनुष्याचा स्वतःचा संकेतस्थळ-पत्ता हेच त्याचे नाव, साक्षीदार कोण, हे त्या पत्त्यावर त्यानेच लिहून ठेवावयाचे, आणि दुसऱ्या संस्थळाने त्या साक्षीदाराला विचारून खात्री करून घ्यावयाची. साक्षीदार नकोसा झाला तर बदलावा, नाव तेच. पुढे २०१४ साली ओपनआयडी कनेक्ट आले, आणि तांत्रिक दृष्ट्या ते सरस ठरले. पण प्रवेशद्वारावर दोनतीन बड्या कंपन्यांचीच बटणे राहिली. मानक खुले झाले, तरी साक्षीदार मोजकेच उरले, आणि साक्षीदार मोजके असले की ते धनी होऊन बसतात. २०१८ साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अ‍ॅक्टिव्हिटीपब हे मानक आपली शिफारस म्हणून जाहीर केले; त्यावर चालणाऱ्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन मात्र मागेच राहते. काम अपुरे आहे. पण दिशा योग्य आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

आक्षेप असा घेतला जातो की, ज्याने त्याने आपला साक्षीदार निवडावयाचा म्हटल्यावर तोतयांचे फावेल. तोतये तर मोठ्या कंपन्यांच्या दारातही कमी नाहीत. शिवाय खुल्या मानकाने साक्षीदार नाहीसा होत नाही; त्याची साक्ष सर्वांना तपासता येते, इतकेच. आणि स्वामी न होता साक्ष देता येते, हे खानदेशाने पाहिलेही आहे. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि आप्तांनी टिपून ठेवल्या, डिसेंबर १९५१ मध्ये बाई निवर्तल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुरस्काराने संग्रह निघाला. त्या कवयित्री होत्या याची संपूर्ण साक्ष इतरांनी दिली. पण कोणीही त्या काव्यावर आपले नाव चढविले नाही.

आता व्यवहाराची एक अडचण उरते. स्वतःचा पत्ता ठेवावयाचा म्हणजे दरवर्षी सारा भरणे आले, आणि शहादा किंवा चोपडा तालुक्यातल्या मजुराच्या मुलीने तो भरावा, ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून मला वाटते की तालुक्याच्या वाचनालयांनी, आणि बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाने, आपल्या सभासदांना आणि विद्यार्थ्यांना खुल्या मानकानुसार असे पत्ते द्यावेत आणि त्यांची साक्ष द्यावी. मात्र या व्यवस्थेत एक शर्त आरंभीच लेखी असावी: सभासद संस्था सोडून गेला, तर त्याचा नवा पत्ता जुन्या पत्त्यावर कायम नोंदवून ठेवणे संस्थेवर बंधनकारक राहील, आणि त्यासाठी वर्गणीची थकबाकी आड येणार नाही.