कसं काय, बरं आहे ना?

गेल्या मे महिन्यात आमचा दहावीचा वर्ग चाळीस वर्षांनी एकत्र आला. प्रत्येकाने आपले आवडते पुस्तक बरोबर आणायचे आणि दोन मिनिटांत पुस्तकाविषयी व स्वतःविषयी सांगायचे, असे ठरले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होते.

पुस्तकांविषयी सगळे मनापासून बोलले. कोणी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणली होती, कोणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. स्वतःविषयी सांगताना मात्र नवा फ्लॅट, बढती, कॅनडातला मुलगा, एवढेच येत होते. चाळीस वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही घरी काही वाईट घडलेच नाही, असे ऐकणाऱ्याला वाटावे.

एका मैत्रिणीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली होती. पुस्तकाविषयी ती छान बोलली. मग “माझं ठीक आहे,” एवढेच म्हणून खाली बसू लागली. मी माईकवरून म्हणालो, “अगं, मिस्टरांना कुठे लपवलंस?” सारे हसले. तीही हसली. “कामात आहेत,” म्हणाली.

जेवताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा नवरा तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात होता. ते सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “माईकवर खोटं बोलले रे मी. कन्फेशनमध्ये सांगावं लागेल ना?” (हे सारे मी तिला विचारूनच लिहीत आहे.)

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. जुन्या मित्रांना आपले खरे सांगणे हे आपले कर्तव्य आहे का?

खोटे बोलू नये, हे आपण आठव्या आज्ञेत शिकलो. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ’ याच आज्ञेचे विवरण करताना आणखी एक गोष्ट सांगतो. ज्याला एखादे सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास आपण बांधलेले नाही. गप्प राहण्याला किंवा जपून बोलण्याला योग्य कारण असू शकते. म्हणजे “माझं ठीक आहे” म्हणून ती खाली बसली, यात काही चूक नव्हती. घरातले दुःख साऱ्या सभागृहापुढे मांडण्याचे बंधन तिच्यावर नव्हते.

“कामात आहेत” हे मात्र खरे नव्हते. पण ते शब्द तिच्या तोंडून कोणी काढले? ती गप्प बसत होती, मी तिला बसू दिले नाही. दुसऱ्याला अडखळायला लावणाऱ्याला प्रभू येशूने किती कडक शब्दांत बजावले आहे, हे आपण जाणतो. मला तिची काळजी नव्हती, मला हशा हवा होता.

तिने आणलेल्या पुस्तकाचाच विचार करा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट, घरातली ओढाताण, नवराबायकोची भांडणे, सारे लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने आणि हसत हसत सांगितले आहे. तेही कधी न भेटलेल्या वाचकांना! आणि आम्ही एका बाकावर बसलेली माणसे एकमेकांना काही सांगू शकलो नाही. वाचक मध्येच बोलत नाही, आपल्या संसाराशी तुलना करून दाखवत नाही, शेवटच्या पानापर्यंत सोबत राहतो. आपण मित्राचे असे कधी ऐकतो?

प्रभूने असे ऐकले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न होऊन चालले होते. काय घडले ते प्रभूला ठाऊक नव्हते का? त्याच्याच बाबतीत तर ते घडले होते! तरी त्याने विचारले, आणि क्लयपा व त्याच्या सोबत्याचे सारे बोलणे, त्यांची निराशासुद्धा, ऐकून घेतली. मगच त्याने त्यांना शास्त्र उलगडून सांगितले आणि संध्याकाळी त्यांच्यासोबत भाकर मोडली. आधी चार पावले सोबत चालणे, मग विचारणे, मग ऐकणे, हा त्याचा क्रम होता. आम्ही तो दोन मिनिटांत उरकायला निघालो होतो.

म्हणून मला वाटते, खरे सांगण्याच्या कर्तव्याआधी ऐकणाऱ्याचे कर्तव्य येते. सत्य कुतूहलाला देणे लागत नाही. पण जो थांबून ऐकतो आणि ऐकलेले चार ठिकाणी बोलत नाही, त्याच्यापाशी ते आपणहून येते.

आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांना विचारू, “कसं काय, बरं आहे ना?” विचारताना आपला एक पाय स्कूटरकडे वळलेला असतो. आज एखाद्याजवळ पाच मिनिटे उभे राहूया. त्याने काही सांगितले तर ऐकूया. नाही सांगितले तर आणखी खोदू नये, त्याच्यासाठी घरी प्रार्थना करावी.

मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणालो, “तुझं तू ठरव. पण कन्फेशनच्या रांगेत माझा नंबर तुझ्या आधी आहे.”