कोच नेमका कुठे बघतो?

उन्हाळा लागला, कालव्यात आणि शेततळ्यांत बुडून पोरं गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की पोहण्यावरची चर्चा दरवर्षी दोनच गोष्टींवर येऊन थांबते. एक, शाळेत पोहणं सक्तीचं करा. दोन, आमच्या वेळी कोण होतं शिकवायला? कमरेला डबा बांधला, विहिरीत ढकललं, आलं पोहायला. पहिल्या म्हणण्याशी कुणी वाद घालायचं कारण नाही. दुसरं मात्र इतक्या ऐटीत सांगितलं जातं की त्यात एक अख्खी जमात गडप होते : नोकरी, शेती, संसार सांभाळून तिशी-चाळिशीत स्पर्धेसाठी पोहणारी माणसं. मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत ती दिसतात, पंचविशीपासून पुढच्या वयोगटांसाठी असलेल्या मास्टर्स स्पर्धांत दिसतात, २०१९ साली गोव्यात सुरू झालेल्या मिरामारच्या ट्रायथलॉनमध्ये तर घोळक्यानं दिसतात. यांना आता कोच कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठरवून झालेलं असतं.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीसारखं गाव घ्यावं. दौंड तालुक्याच्या या पट्ट्यात पोहणं शिकायचं ते विहिरीत, नाहीतर खडकवासल्याहून इंदापूरकडे जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यात. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा बंद डबा, काठावर चुलता नाहीतर मामा, आणि थोड्याच दिवसांत डबा सुटतो. शिकवण्याची रीत म्हणून ही वाईट नाही. भीती मोडते, दम सापडतो, सूर मारता येतो. पण विहीर नेमकं काय शिकवते हेही पाहायला हवं. तिची रुंदी ती किती? पाच-सात हात मारले की समोरची कड. सरळ रेषेत लांब जायची वेळच येत नाही. कालव्यात मान वर ठेवावीच लागते. काठ कुठे आहे, वाहून काय येतंय, हे दिसलं पाहिजे. मान वर गेली की कमर खाली जाते आणि पाय बुडतात. जीव सांभाळायला हे बरोबर आहे. पन्नास मीटरच्या लेनमध्ये तेच पोहणाऱ्याला मागे खेचतं.

एकदा आलेलं पोहणं माणूस विसरत नाही, असं कौतुकानं सांगतात. गोम तिथेच आहे, कारण चुकाही तो विसरत नाही. नवव्या वर्षी अंगात बसलेली मानेची ठेवण चाळिसाव्या वर्षी तशीच असते, फक्त आता तिच्यावर तीस वर्षांचा थर चढलेला असतो.

वय झालं की सुधारणा होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी डारा टोरेस पुरे : २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१व्या वर्षी तीन रौप्यपदकं. महागडे पॅडल आणि पोहण्याचे सूट घेऊन वेग विकत घेऊ पाहणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. मोबाइलवरचे व्हिडिओ दुसऱ्याचं पोहणं दाखवतात, आपलं नाही.

खरा वाद आहे तो मेहनतवाल्यांशी. त्यांचं म्हणणं साधं आणि मराठी मनाला पटकन पटणारं : घाम गाळा. रोज दोन किलोमीटर मारा, दोनाचे तीन करा, टाइमिंग आपोआप खाली येतं. कोच म्हणजे आळशी माणसाची काठी. त्यांचा एखादा हटकून मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतो. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला इस्लामपूरकडचा हा जवान १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहला आणि भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण देऊन गेला. जिद्दीपुढे कोचची काय मातब्बरी! पण पेटकर पाण्यात उतरले ते दुखापतीवरचा उपचार म्हणून. उपचार घेणारा माणूस एकटा नसतो. त्याचा कोणता अवयव कसा हलतो, यावर कुणाची तरी नजर असतेच. जिद्द त्यांची होती यात शंका नाही. पण ती नजरेविना फळली, हे त्या उदाहरणावरून सिद्ध होत नाही.

बरं, उदाहरणं राहू द्यावीत, पाणी काय म्हणतं ते पाहावं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. पोहणाऱ्याला होणारा त्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे शरीराची ठेवण तशीच राहिली, तर वेग १० टक्क्यांनी वाढवायला शक्ती जवळपास ३३ टक्के जास्त लागते. सोळा वर्षांच्या मुलाची उंची वाढते, खांदे भरतात. त्याला यातला काही वाटा निसर्ग फुकट देतो. पंचेचाळिशीच्या माणसानं ३३ टक्के जादा शक्ती कुठून आणायची? त्याच्या हातात उरतो तो दुसरा रस्ता, विरोध कमी करण्याचा. मान खाली, कमर वर, हात पाण्यात शिरताना डोक्यासमोर आडवा न जाता खांद्याच्या रेषेत. यातलं काहीही घामानं होत नाही. उलट दमलेला माणूस जास्त किलोमीटर मारतो तेव्हा तो चूकच जास्त वेळा घोटतो. मेहनतवाल्यांच्या शिस्तीबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं की त्यांचा सल्ला तरुणांना थोडा उपयोगी आणि प्रौढांना बराचसा घातक आहे. अंतर लागतंच, त्याशिवाय दम येत नाही, हे कबूल. पण अंतर हा कच्चा माल झाला.

आपली चूक आपल्याला का कळत नाही, याचं उत्तर ‘डॉक’ काउन्सिलमन या अमेरिकी कोचनं अर्ध्या शतकापूर्वीच दिलं होतं. त्यानं पाण्याखाली कॅमेरे लावून नामांकित पोहणाऱ्यांचे हात टिपले. हात सरळ मागे ओढला जातो अशी सर्वसाधारण समजूत. फितीत तो वळणं घेताना दिसला. त्या वळणांचं त्यानं दिलेलं शास्त्रीय स्पष्टीकरण पुढे वादात सापडलं, पण मूळ गोष्ट टिकली : पोहणाऱ्याला जे जाणवतं आणि त्याचा हात जे करतो, त्यात अंतर असतं. १९७२ला म्युनिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ याच काउन्सिलमनच्या हाताखालचा. स्वतः काउन्सिलमन १९७९ साली वयाच्या ५८व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेला, तेव्हा प्रौढांच्या पोहण्याबद्दल तो काठावरून बोलत होता असंही म्हणता येणार नाही.

घरचं उदाहरण वीरधवल खाडेचं. कोल्हापूरचा हा मुलगा बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे गेला, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक खेळला, २०१०च्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. मग तहसीलदार झाला. सरकारी नोकरीत माणूस पाण्यापासून किती लांब जातो हे सांगायला नको. तरी तो पाण्यात आणि कोचच्या नजरेखाली परतला. ऑगस्ट २०१८, जकार्ता, ५० मीटर फ्रीस्टाइल : सकाळच्या फेरीत २२.४३ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी अंतिम फेरीत २२.४७. कांस्यपदक गेलं २२.४६ला. सकाळचाच वेळ संध्याकाळी दिला असता, तर पदक गळ्यात होतं. इतक्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर.

मेहनतवाला इथे हसेल : कोच होता, तरी पदक गेलंच ना? गेलं. कोच ही पदकाची हमी नव्हे. पण अनेक वर्षं फायलींत घालवून सत्ताविशीच्या उंबरठ्यावरचा माणूस उमेदीतल्या स्वतःपेक्षा वेगवान झाला, ते नुसत्या किलोमीटरांनी झालं असं मानणं अवघड आहे. वयाबरोबर ताकदीचा हिशेब आखडता होत जातो, तेव्हा वेळ सापडतो तो उडीत, पाण्याखालच्या किकमध्ये, भिंतीला हात लावण्याच्या पद्धतीत. या तिन्ही जागा पोहणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत.

म्हणून कोच हवा एवढं म्हणून भागत नाही. शहरातल्या बहुतेक तलावांवर कोच असतोच. शिट्टी असते, स्टॉपवॉच असतं, फळ्यावर लिहिलेलं असतं : ४०० वॉर्मअप, १००चे आठ, ५०चे दहा. तो अंतर देतो, मग भिंतीपाशी उभा राहून वेळ सांगतो. हा मुनीम झाला. त्याचं काम घड्याळ आणि कागद मिळून करू शकतात. कोच नको म्हणणारे प्रत्यक्षात यालाच कोच समजत असतात, आणि त्या अर्थानं त्यांचं चुकतही नाही.

दुसऱ्या जातीचा कोच भिंतीपाशी थांबत नाही. तो काठावरून पोहणाऱ्याच्या बरोबरीनं चालतो. पहिल्या दोन शंभरांत त्याला फारसा रस नसतो. ताजा माणूस बरा पोहतोच. तो पाहतो सहाव्या-सातव्या शंभरात, शेवटच्या पंचवीस मीटरांत, दमल्यावर कोणती जुनी सवय वर येते ते. विहिरीत शिकलेल्याची मान तिथेच उचलली जाते. कुणाचा डावा कोपर पडतो, कुणी श्वासासाठी अख्खं डोकं बाहेर काढतो. मग तो एकच गोष्ट सांगतो, पाच नाही, आणि पुढचं अंतर त्या एका गोष्टीसाठी कमी करतो. अंतर कमी करायला धैर्य लागतं. फी भरलेला माणूस घाम निघाला नाही तर कुरकुरतो.

असा कोच एका वेळी पाच-सहांपेक्षा जास्त जणांवर नजर ठेवू शकत नाही, आणि तलावांच्या पाऊण तासाच्या बॅचचं गणित तीस जणांशिवाय जमत नाही. परवडणार कुणाला, असं विचारलं जातं. गोव्याच्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. सायकलीसाठी लाख-दीड लाख मोजणारे तिथे पुष्कळ भेटतात. ती सायकल पार्किंगमध्ये ठेवून आधी समुद्रात उतरावं लागतं, आणि ७० मिनिटांत जो बाहेर येत नाही त्याला ती त्या दिवशी चालवायला मिळत नाही.