समदर्शन आणि दहा महिन्यांचं कुत्रं



आज गीतेच्या 5 व्या अध्यायातला 18 वा श्लोक. विद्या-विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने हीन ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समदृष्टीने बघतो, असं भगवंत सांगतात. वाचायला सोपं आहे. पण यातलं कुत्रं खरंच घरात आलं तर?

माझ्या टीममधल्या एका मित्राने शेल्टरमधून दहा महिन्यांचं देशी कुत्रं दत्तक घेतलं. रस्त्यावरून वाचवलेलं, अंगात नुसतं वारं. तीन आठवड्यांत दोन चपला, एक चार्जर आणि सोफ्याचा कोपरा संपला. रात्री अकराला घरभर धिंगाणा. परवा डबा खाताना तो म्हणाला, "अरे, दया आली म्हणून आणलं. आता परत दिलं तर पाप लागेल का रे?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून आज तोच घेऊया.

समदर्शन म्हणजे सगळ्यांशी सारखंच वागणं नव्हे. आत्मा एक, पण देह आणि स्वभाव वेगळे. या वयाचं कुत्रं म्हणजे वयात येणारं पोर. त्याला पळायचं असतं, हुंगायचं असतं, काहीतरी चावायचं असतं. वन बीएचकेत नऊ तास एकटं ठेवलं तर ती ताकद चपलेवरच निघणार. ते द्वाड नाही, ते कुत्रं आहे. त्याचं कुत्रेपण मान्य करणं हीच समदर्शनाची पहिली पायरी.

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कुत्र्यात विठ्ठल दिसला, हे आपण सांगतो. पण धावलं कोण, हेही बघा. आधी तू शहाण्यासारखा थांब, मग तूप देतो, अशी अट त्यांनी घातली नाही.

महाभारताच्या 17 व्या पर्वात, महाप्रास्थानिक पर्वात, इंद्राचा रथ दारात असताना युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडायला नकार देतो. विश्वासाने आलेल्याला टाकायचं नाही, एवढाच त्याचा मुद्दा.

कोणी म्हणेल, मग भागवतातल्या भरत राजाचं काय? हरणाच्या पाडसात जीव गुंतला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. बरोबर. पण पाडसाला नदीतून वाचवणं ही त्याची चूक नव्हती. त्याच्या पायी नित्यनेम सुटला, ही होती. कुत्रं तर उलट नेम लावतं: पहाटे उठा, फिरवा, वेळेवर खायला घाला, न चिडता तीच गोष्ट पुन्हा शिकवा. साधना वेगळी काय असते?

म्हणून मित्राला म्हटलं, त्रास होतो हे सोडायचं कारण नाही. सकाळ-संध्याकाळ भरपूर चालव, चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी दे, ट्रेनरला विचार. मनापासून करूनही जमलंच नाही, तर त्याला पेलेल असं घर शोधणं पाप नाही. रस्त्यावर सोडणं मात्र नक्कीच आहे. आणि जे आता आणायच्या विचारात आहेत, त्यांनी वेळ नसेल तर आधीच "नाही" म्हणावं. तीही दयाच.

18 व्या अध्यायात सात्त्विक सुख आधी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं सांगितलंय. पहिले काही महिने विषाचेच असतात.

आजचं मनन: माझी दया दुसऱ्याच्या गरजेपर्यंत पोचते, की माझ्या सोयीपाशीच थांबते?

राम कृष्ण हरी!