विंचू कोणाला चावला?

दिवाळी सरली की आपल्या भंडारा जिल्ह्यात, साऱ्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. गावोगाव दंडार रंगते, भजने होतात. अशा रात्री एकनाथांचे विंचवाचे भारूड लागले की गाणारा अंग वेडेवाकडे करून तडफडतो आणि बसलेले लोक हसून लोळतात. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे सर्वांना पाठ असते. शाळेतला मुलगाही परीक्षेत तेच लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. वाचकहो, माझा प्रश्न एवढाच आहे : अर्थ सर्वांना कळला, मग नांगी कोणाला लागली?

दुर्गुण कधी स्वतःच्या वेषात येत नाही. क्रोध स्वाभिमानाचे नाव सांगतो, लोभ मुलाबाळांची काळजी होऊन येतो. म्हणून गीतकार त्याला विंचवाचे, सापाचे, ठगाचे रूप देतो. ज्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले त्या कबीरांनी मायेला महाठगिणी म्हटले आणि ती पंड्याच्या मूर्तीत, तीर्थाच्या पाण्यात, राजाच्या महालात बसलेली दाखवली. पाली सुत्तांत मार एकदा शेतकऱ्याच्या वेषात भगवंतांकडे येतो. खांद्यावर नांगर, तोंडी हरवलेल्या बैलांची चौकशी. भगवंत शस्त्र उचलत नाहीत. ते त्याला ओळखतात. ओळख पटताच मार खिन्न होऊन नाहीसा होतो. फसवणुकीचा सारा जीव ओळख न पटण्यात असतो. तो वेष उतरवणे हे प्रतीकाचे खरे काम.

परंतु प्रतीक झाकतेही. एकनाथांचे (१५३३–१५९९) जोहार पाहा. तेथे बोलणारा महार आहे, देह हे गाव आहे आणि विकार हे त्या गावचे माजलेले लोक. काही भारुडांत महार ब्राह्मणाला निरुत्तर करतो, हेही मान्य केले पाहिजे. तरीही विचारावे लागते, त्या देहगावाचा हिशेब देणारा महार रात्री कोठे परतत होता? वेशीबाहेरच ना? देहातल्या प्रत्येक विकाराला नाव मिळाले. खऱ्या गावाच्या वेशीवर बसलेला अस्पृश्यतेचा विंचू मात्र तेथेच राहिला. गांधीजींना दिलेल्या उत्तरात, ‘जातिनिर्मूलना’च्या १९३७ च्या आवृत्तीत, बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणूस आणि माणूस यांच्या नात्यासाठी ते झगडले नाहीत. एकनाथांना अस्पृश्याचा विटाळ गंगास्नानाने धुऊन निघेल असे वाटत होते, हेही त्यांनी दाखवून दिले.

दुसरी झाकणी स्त्रीच्या नावाची. ठगिणी स्त्रीरूप आहे, म्हणून स्त्री हीच माया, असा अर्थ कित्येक बुवा काढतात. आपल्याही ग्रंथांत माराच्या तीन मुली आहेत : तण्हा, अरति आणि रागा. पण ती पाहणाऱ्याच्या मनातील विकारांची नावे आहेत. भिक्षुणी सोमेसमोर मार येतो आणि स्त्रीच्या दोन बोटांएवढ्या बुद्धीला ते उच्च पद गाठता येणार नाही असे सांगतो. सोमा त्याला ओळखते आणि तो पळतो. येथे मार कोण? स्त्रीला हीन मानणारी ती वाणीच मार आहे!

म्हणून कोणतेही गीत ऐकताना दोन प्रश्न विचारावेत. याचे बोट कोणाकडे आहे? आणि कोणता दुर्गुण याने अंधारात ठेवला? धम्मपदात म्हटले आहे की माणूस दुसऱ्याचे दोष भुसासारखे पाखडतो आणि स्वतःचे मात्र लबाड जुगारी फासा लपवतो तसे लपवतो. आपल्या धानाच्या मुलखात सूप कसे चालते हे कोणाला सांगायला नको.

हे प्रश्न आपल्या गीतांनाही लावले पाहिजेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मनूला विषारी साप म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सोयरीक ठरवताना आपण पोटजात विचारतो, तेव्हा तो साप कोणाच्या घरी असतो? हुंडा मोजताना कोणाच्या? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूबंदीचे गाणे गाऊन जो गुत्त्याकडे वळतो, त्याने साप मारलेला नाही, फक्त त्याच्या नावाने डफ वाजवला आहे.

यावर उपाय अवघड नाही. विहारात गीत संपले की टाळ्या वाजवून उठू नये. दहा मिनिटे बसावे आणि आज त्यातला विंचू आपल्या वस्तीत कोठे आहे याची मोकळी चर्चा करावी. स्त्रियांना आधी बोलू द्यावे. कोणत्या घरात कोणता विंचू आहे, हे त्यांना ठाऊक असते.