पाहुण्याचा हक्क



आदरातिथ्याचा विषय निघाला की हातिम ताईचे नाव ओठांवर येते. अरबस्तानातील हाइलच्या प्रदेशात, अजा आणि सल्मा या डोंगरांच्या परिसरात, त्याचा तय्य कबिला राहत असे. त्या मुलुखात आजही पाहुण्यासमोर प्रथम खजूर आणि वेलची घातलेली कॉफी येते. यजमान डाव्या हातात भांडे धरतो आणि उजव्या हाताने पेला पुढे करतो. 2015 साली युनेस्कोने अरबी कॉफीची ही परंपरा आणि पाहुण्यांची बैठक, म्हणजे मजलिस, या दोहोंना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. वाळवंटात पाणी दूर आणि वस्ती विरळ. आजचा यजमान हाच उद्याचा वाटसरू. तंबूचे दार बंद झाले तर मृत्यू अटळ. मग अरबांचे औदार्य हा सद्गुण होता की केवळ परस्परांची गरज? आणि ती गरजच असेल, तर जेथे फाट्याफाट्यावर हॉटेल आणि घरोघरी नळ आहे, तेथे हे कर्तव्य संपले असे मानावे काय?

याचे उत्तर हातिमच्याच घरात मिळते. त्याचे पुत्र हजरत अदी (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला. आपले वडील नातेसंबंध जपत, लोकांवर उपकार करीत, त्याचे फळ त्यांना मिळेल काय, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. तुमच्या वडिलांनी जे इच्छिले ते त्यांना मिळाले, अशा आशयाचे उत्तर हदीसमध्ये आले आहे. विद्वानांनी त्याचा अर्थ कीर्ती असा सांगितला आहे. हातिमला नावलौकिक मिळाला, आणि तो आजही टिकून आहे.

इस्लामने अरबांची ही रीत मोडली नाही. तिची दिशा बदलली. दिव्य कुरआनच्या ‘अद्-दहर’ या सूरहमध्ये गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्या सदाचारी लोकांचे वर्णन आहे. ते अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी खाऊ घालतात. मोबदला नको, आभारही नकोत, अशी त्यांची भूमिका असते. ज्याला कैदेतून कोठे जाता येत नाही, तो उद्या आपल्याला जेवू घालील अशी आशा कोण करील? परतफेडीचा हिशेब येथे संपतो. म्हणूनच पाहुण्याचा सन्मान प्रेषितांनी (स.) अल्लाह आणि अंतिम दिनावरील श्रद्धेशी जोडला. एक दिवस-रात्र विशेष पाहुणचार, तीन दिवस आतिथ्य, त्यापुढे जे द्याल ते दान, अशी मर्यादाही घालून दिली. आणि यजमानाला अडचण होईल इतके राहू नये, असे पाहुण्यालाही बजावले. जेथे मर्यादा ठरते, तेथे हक्क असतो. ज्याचा हक्क आपण देतो, त्याच्यावर उपकार कसला?

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याकडे पाहू. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे मुंबई-नागपूर मार्गाने मजूर कुटुंबे पायी निघाली होती. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे याच मार्गावर आहेत. त्यात एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. ज्यांनी रोजा ठेवून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हातात भाकरी आणि पाणी दिले, त्यांना तो माणूस पुन्हा कधी भेटणार नव्हता. आदरातिथ्य गरजेच्या देवाणघेवाणीपलीकडे जाते, याचा पुरावा अरबस्तानात शोधण्याची गरज नाही.

याच जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ त्या मार्गावर खासगी बसला आग लागली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. वेगवान रस्त्यावर वाटसरूला ठोठावायला दार नसते. त्याची हाक आपल्या घरापर्यंत येत नाही. आपणच थांबावे लागते. वाळवंट केवळ वाळूचे नसते.

अनोळखी माणसाची आज भीती वाटते, असे कोणी म्हणेल. ती भीती खोटी नाही. सावधगिरी जरूर बाळगावी. पण पाणी द्यायला, रुग्णवाहिकेला फोन करायला, रुग्णालयाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकाला डबा नेऊन द्यायला घराची किल्ली द्यावी लागत नाही.

आणि आपल्या वलीम्यांचे काय? ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या वलीम्याचे अन्न सर्वांत वाईट, असे हदीस सांगते. शेकडो माणसे जेवली, पण मांडव घालणारा मजूर उपाशी परतला, तर आपण हातिमच्याही मागे राहिलो. तो निदान भुकेल्याला पाहून शेकोटी पेटवीत असे.

हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याकडे अपरिचित पाहुणे आले, तेव्हा त्यांनी ओळखपाळख विचारत बसून वेळ घालवला नाही. ते हळूच घरात गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून ते हळूच गेले, असे भाष्यकार सांगतात. हे ‘हळूच’ आपल्या घरात उरले आहे काय, हे आज रात्री दस्तरखान उचलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.