काळा दिसला म्हणजे प्रायमर झाला?

गन खाली ठेव. कॉम्प्रेसर बंद कर आणि इकडे ये. नवा दरवाजा खोक्यातून काढलास, पेपर फिरवलास, फडकं मारलंस आणि लगेच रंग मारायला उभा राहिलास! कुणी शिकवलं तुला हे? मी तर नाही शिकवलं.

म्हणे, ‘नवीनच आहे, वरून काळा प्रायमर आहेच.’ तो काळा थर कसला आहे, हे तपासलंस का? रंगाच्या टाकीत बुडवून, विजेचा प्रवाह सोडून, मग भट्टीत भाजलेला असेल तर तो ई-कोट. तो पत्र्याला घट्ट धरून बसतो. पण वाटेत गंज लागू नये म्हणून नुसता फवारलेला काळा रंग असेल, तर त्याच्यावर कितीही भारीतला रंग चढव, खालचा सुटला की वरचं सगळं पापुद्र्यानं निघणार. दोन्ही दिसायला सारखेच. पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवायचं आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला मिनिटभर घासायचं. फडकं काळं झालं, थर मऊ पडला, तर तो सगळा काढून उघड्या पत्र्यापर्यंत जायचं. थर जागचा हलला नाही तर ठेवायचा, फक्त त्याची चकाकी मारायची. चहाला जातोस तेवढाही वेळ लागत नाही याला.

आणि धुण्याआधी पेपर कसा मारलास? नव्या पत्र्यावर तेल असतं, हाताळणाऱ्यांच्या बोटांचा चिकटा असतो. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग ग्रीस काढायचं सॉल्व्हंट लावायचं. एका फडक्यानं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. तू ते तेल पेपरनं ओरखड्यांत कोंबलंस. उद्या रंगाला डोळे पडले की दुकानदाराच्या नावानं ओरडशील.

दरवाजा गाडीला लावून बघितलास? नाही ना? ही पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायची, १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणायला लागले, आणि तिचं उत्पादन बंद होऊनही आता वीसहून जास्त वर्षं लोटली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आज या गाडीसाठी जो सुटा पत्रा मिळतो, तो त्याच साच्यातला असेल याची कुणी हमी देतं का? कडा अर्धा सूत बाहेर, बिजागरीची भोकं सरकलेली, असं हमखास निघतं. कच्चा दरवाजा लावायचा, चारी बाजूंची फट एकसारखी करायची, काच वरखाली करून बघायची, कुलूप लागतं का बघायचं. जुन्या दरवाजावर क्रोमची पट्टी होती. तिच्या क्लिपांची भोकं नव्यावर कुठे आहेत? ती रंग झाल्यावर पाडणार होतास? ड्रिलनं रंग उडेल आणि भोकाच्या उघड्या कडेतून गंज सुरू होईल.

आता याची खालची कड बघ. बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलाय. सगळ्या जुन्या गाड्या इथूनच सडतात. काचेच्या फटीतून पाणी आत उतरतं, या दुमडीत बसतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस बोट दाबलं की आरपार जातं. जुना दरवाजा तुझ्यासमोरच काढला, त्याची काय चाळण झाली होती ते बघितलंस ना? तरी आतून एक हात प्रायमर नाही! दुमडीवर सीलर भर, रंग झाल्यावर आतल्या पोकळीत मेण फवार. आणि खालची पाणी जायची भोकं पुट्टीनं बुजवलीस तर मी दरवाजा तुझ्याकडून परत उघडा करून घेईन.

बाहेर नजर टाक. मार्गासनीचा श्रावण आहे हा. राजगडाकडून ढग उतरतात, गुंजवणीच्या खोऱ्यात हवा ओली होऊन बसते. असल्या हवेत सकाळी घासून उघडा केलेला पत्रा दुपारपर्यंत तांबूस दिसायला लागतो. म्हणून उघड्या पत्र्यावर पाण्याचा पेपर चालवायचा नाही. कोरडं घासायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा प्रायमरखाली कोंडला जातो. संध्याकाळी शेड गार पडली की गनला हात लावायचा नाही. पुट्टी इपॉक्सीवर भरायची, आणि तीही कोरडीच घासायची. ती पाणी पिते, आणि पिलेलं पाणी नंतर फोड होऊन वर येतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडलंस का आज? नाहीच सोडलं असणार.

घासताना ठोकळा कुठे होता? चार बोटांनी घासलं की चार चर पडतात. वर काळी भुकटी चोळ, ठोकळा फिरव. भुकटी जिथे उरेल तिथे खड्डा. चमकदार रंग चढला की उन्हात तोच खड्डा सगळ्यांना दिसतो.

आणि तोंडाला हा रुमाल? रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमालातून ते सरळ आत जातं आणि दमा लागतो. वासावरून कळेल म्हणशील तर वास यायच्या आधीच ते छातीत गेलेलं असतं. तुझ्या बेफिकिरीवर मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे. पत्रा बिघडला तर दुसरा आणता येईल.

गणपतीला गाडी दारात हवी म्हणून पार्टी घाई करते, माहीत आहे मला. त्यांच्याशी मी बोलतो. गौरी-गणपती गाडीवाचून होतील. त्यांच्या वडिलांची गाडी आहे ती. पुढच्या पावसाळ्यात फुगली तर ते तुला नाही, मला विचारतील.

तुझा हात चांगला आहे. गन सारखी फिरते, थर एकसारखा बसतो, म्हणूनच एवढं बोलतोय. पण हात चांगला म्हणून तू सरळ शेवटच्या कामाकडे धावतोस, आणि त्याच्याआधीचं चार दिवसांचं काम तुला कमीपणाचं वाटतं. ते आजपासून बंद.

थिनर आणि पांढरं फडकं घे, आधी आतून घासून मला दाखव. मग सगळा दरवाजा धुऊन काढ. वाळला की हाक मार, दुसरं टोक मी धरतो. गाडीला लावून फट बघू. आणि रंगाच्या डब्याचं झाकण लाव, आज लागणार नाही तो.